दिव्याची जागा

"त्या बाई कोण गं?" आईनं इतकं हळू विचारलं की ऐलाला आधी वाटलं, फ्रिजच घुरघुरला. ती बसवरची पाळी संपवून नुकती घरात शिरली होती. एक बूट काढून दुसऱ्यासाठी पाय वर धरून भिंतीला टेकली होती, अंगाला अजून बसच्या सीटचा वास होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी होती, हात पोटाशी बांधून, परक्याच्या घरी उभं राहावं तशी. बाहेर नोव्हेंबरचा दुपारी चार वाजताच पडलेला अंधार होता. आत वरच्या कपाटांच्या पोटाखाली दिव्यांची नवी पट्टी जळत होती. वायरमन हुत्तुनेन ती सकाळीच जोडून गेला होता. पांढरा ओटा दुधानं सारवल्यासारखा दिसत होता. "कुठल्या बाई?" ऐलानं विचारलं. "हळू बोल की. त्या काय तिथं." आईनं हनुवटी हलवली. माणसाकडं बोट दाखवू नये हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. ऐलानं पाहिलं. वरच्या कपाटाच्या दाराच्या चकचकीत, काळसर हिरव्या पल्ल्यात एक म्हातारी उभी होती. पांढरे केस, गुंड्यांचा स्वेटर, पोटाशी बांधलेले हात. उजेड खालून पडल्यामुळं डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या. ऐलाच्या तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं. "आहेत एक. आल्यात थोडे दिवस राहायला." आईचा चेहरा सैल झाला. "आल्यात होय," ती म्हणाली. "मग विचारपूस कर की त्यांची. केव्हाच्या उभ्याच आहेत."

असं का म्हणाली ती? दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, वाद घालू नका, त्यांच्या कलानं घ्या. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की दिवसभर शहरभर माणसं वाहून आणलेल्या बाईला दारात बूट हातात घेऊन सख्ख्या आईला 'अगं, ती तूच आहेस' हे सांगायचं धैर्य झालं नाही. थाप मारणं सोपं होतं. थाप मारली, बूट काढला, बटाटे उकडायला ठेवले. आई दारातच उभी. "आत ये की," ऐला म्हणाली. "नको, त्यांना अडचण होईल." म्हणजे चार माणसं सुखानं वावरतील एवढ्या स्वयंपाकघरात आईला जागा नव्हती, आणि ज्या बाईला पाठ नव्हती, पोट नव्हतं, तिला होती.

हे स्वयंपाकघर आईसाठीच केलं होतं, आणि ऐलाला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येत होता. इमारतीचे सगळे नळ आणि मोऱ्या बदलायचं काम निघालं, तेव्हा ताम्पेरे शहरातल्या त्या सहा मजल्यांतल्या प्रत्येक घराची न्हाणी नि स्वयंपाकघर फुटलं. लोक कुठं कुठं पांगले, कुणी बहिणीकडं, कुणी तळ्याकाठच्या थंडगार झोपडीत. परत आल्यावर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणं नवी कपाटं बसवली. ऐलानं काळसर हिरवी घेतली, चकचकीत, मुठी नसलेली. ऑगस्टमध्ये वारा पडल्यावर संध्याकाळी तळं दिसतं तो रंग. दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला होता, पांढरी घ्या, आपल्याकडं सहा महिने अंधार, गडद रंग उजेड गिळतो. ऐला म्हणाली, गिळू दे, मी खालून दिवे लावीन. पांढरं बघून बघून तिचा जीव विटला होता. बर्फ पांढरा, दवाखाना पांढरा, नवरा सोडून गेला ते घर पांढरं. मग तिनं दिव्यांचाच ध्यास घेतला. कुठल्या कपाटाखाली किती लांब पट्टी, ती पुढच्या कडेला की मधोमध, ओट्यावर चिरताना स्वतःच्या हाताची सावली पडेल का, पट्टीतल्या दिव्यांचा एकेक ठिपका नागिणीच्या खवल्यासारखा ओट्यात उमटेल का. आईच्या डोळ्यांत पडदा आलेला, तिला सुरी आणि बोट ह्यांत फरक दिसला पाहिजे. आई टेबलाशी बसून बटाटे सोलेल, मी पाळीवरून येईन, दोघी जेवू. ह्या एका चित्रासाठी ऐला रिकाम्या बसमध्ये शेवटच्या थांब्यावर डोळे मिटून ओटा उजळत बसायची. मोरीवरच्या कपाटाखाली तेवढी पट्टी घेता आली नाही. त्या कपाटाला इकडं सगळ्यांच्याच घरी तळ नसतो, धुतलेली भांडी आतल्या जाळीत उभी करायची नि पाणी खाली मोरीत ठिबकत राहतं. हुत्तुनेन म्हणाला, "इथं दिवा लावलात तर रोज आंघोळ घालाल त्याला." म्हणून मोरीवर अंधाराचा एक चौकोन राहिला, बाकी सगळं लखलखीत.

आणि बस चालवणाऱ्या बाईनं हे करावं? बस हाकायला घेतलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट शिकतो. अंधार पडला की आपल्या पाठीमागचा पहिला दिवा विझवायचा. नाहीतर समोरच्या काचेत रस्ता दिसत नाही, स्वतःचं थोबाड दिसतं, आणि त्या थोबाडातून एखादा पोर सायकल घेऊन आडवा येतो. ऐला हे नवीन ड्रायव्हरांना शिकवायची, शिव्या घालून शिकवायची. उजेडात उभं राहून चकचकीत अंधाराकडं पाहिलं की आपणच दिसतो. एवढं साधं. ते तिला घरी आठवलं नाही, कारण घरी तिनं उजेड मोजला आणि अंधार विसरली. आईला पल्ल्यात कोणी दिसेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आईला आपण कोण हे अजून कळतं, एवढं ती धरून चालली होती. खरंतर कशावरून धरून चालली होती? ताम्पेरेला यायच्या आधी आई वार्काउसला एकटी राहायची, तिथं तिनं रिकामं भांडं शेगडीवर ठेवून दिलं आणि शेजाऱ्यांनी आगीचा बंब बोलावला, तेव्हा आई जवानांना म्हणाली होती, बसा, कॉफी टाकते. सगळे हसले होते. ऐलाही हसली होती.

तेव्हाच म्हाताऱ्यांच्या संस्थेत आईचं नाव घालून ठेवलं होतं, आणि पल्ल्यातली बाई आल्यावर काही दिवसांनी तिथं एक खोली मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे तिथलं कोणीतरी मेलं, पण तसं म्हणत नाहीत. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा, तिथल्या बाईनं फोनवर सांगितलं, मागं मोठी रांग आहे, नाही म्हणालात तर पुन्हा तळापासून. ऐलाच्या मनात 'नाही' पक्कं होतं. आई माझ्याकडं राहील. भाऊ राउनो लांब उत्तरेला, औलूला होता, तिथून उपदेश स्वस्त पडतो. "अगं ऐला," तो फोनवर म्हणाला, "तू दिवसभर बस हाकणार आणि आई कपाटाशी गप्पा मारत बसणार. ह्याला सांभाळणं म्हणायचं?"

"कशाला काय म्हणायचं ते ठरवायला आधी इकडं येऊन बघ."

"येतो की. पण झोपू कुठं? तुझ्याकडं आधीच एक पाहुणी आहे."

तो हसला. ऐलानं फोन ठेवून दिला. राउनो वाईट होता अशातला भाग नाही. त्याला रडू यायला लागलं की तो विनोद करायचा, लहानपणापासून.

आई पाहुणीला घाबरली असती तर बरं झालं असतं. घाबरलेल्या माणसाला जवळ घेता येतं. आई तिच्या सेवेला लागली. सकाळी कॉफी झाली की पहिला कप ओट्यावर, पल्ल्याच्या बरोबर समोर. "घेत नाहीत," ऐला एकदा म्हणाली, थोडं खवचटपणानंच. "लाजतात," आई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात मीसुद्धा लाजायचे." कप गार व्हायचा, आई तो ओतून द्यायची, आणि पाहुणीनं घेतली नाही म्हणून स्वतःही घ्यायची नाही. एका दुपारी तिनं राय नावाच्या काळसर धान्याच्या पिठाच्या पातळ पापडीत भाताची खीर भरून, कडेला चिमट्या घालून, तिच्या माहेरच्या पुऱ्या केल्या. बोटं विसरली नव्हती, डोकं काय वाटेल ते विसरो. केल्या सगळ्या आणि बशीत मांडून ठेवल्या त्या पाहुणीसाठी. ऐला कामावरून आली तेव्हा बशी तशीच. आई बाहेर, घराच्या दारालगतच्या बोळात, बुटांच्या फळीशेजारच्या स्टुलावर, अंगात कोट घालून बसलेली. "इथं का बसलीस?" "टेबल त्यांचं आहे ना. मी आपली इथं बरी आहे." भांडी घासताना मात्र तिला हसू यायचं, कारण मोरीवरच्या अंधाऱ्या चौकोनाशी आलं की पाहुणी दिसायची नाही. "बघ," आई ऐलाला कोपरानं ढोसून म्हणायची, "कामाच्या वेळेला कशा बरोबर गायब होतात." तेवढ्यापुरत्या दोघी हसायच्या. ते हसणं ऐलाला नको तितकं आवडायचं. मग आई हात पुसायची, मुकाट्यानं बोळातल्या स्टुलावर जाऊन बसायची, आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरायचं.

एकदा पाळी लवकर सुटली. किल्ली फिरवतानाच ऐलाला आवाज ऐकू आला. आई बोलत होती, भरभर, चढउतार करत, मध्येच स्वतःच हसत. ऐला कोटासकट अंधाऱ्या बोळात उभी राहिली. शब्द ओळखीचे होते पण वाकडे, लांबवलेले, गोड करून सोडलेले. कारेलियाची बोली, युद्धात रशियानं घेतलेल्या आईच्या मुलखातली. ती ऐलानं आईच्या तोंडून उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पोरं शाळेत चिडवतील म्हणून आईनं ती कधी काढलीच नाही. आईलाच चिडवलं होतं, रशियाची पिलं म्हणून, सहा वर्षांच्या पोरीला, स्वतःच्याच देशात. इकडच्या माणसांना तोंडभर बोलणारी माणसं आवडत नाहीत. मग आईनं तोंड शिवून घेतलं आणि इथली झाली. इतकी इथली झाली की तिच्या पोटची मुलं मुकी निघाली. आणि आता ती सगळी शिवण उसवून बसली होती, कुणापुढं, तर कपाटाच्या दारापुढं. ऐला ऐकत राहिली. गाय, विहीर, कुणाची तरी मावशी, कसलं तरी रेशमी फडकं. अर्ध्याच्या वर कळत नव्हतं. तिला मत्सर वाटला. हो, मत्सरच. रोजचे गार झालेले कप आणि मापातले शब्द पोरीच्या वाट्याला, आणि खरी आई त्या पल्ल्यातल्या बाईला.

कारेलियाबद्दल आईनं मुलांना एकच गोष्ट सांगितली होती, ती मात्र हजारदा. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात घर, शेत, गोठा सगळं सोडून निघायला लागलं. आजी, तिच्या हाताला धरून आई, आणि एक गाय. गाय वाटेतच कुणीतरी नेली. सरकारनं ह्या दोघींना इकडच्या हामे भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरात घुसवलं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भट्टीच्या मागं. मालकीण कधी वाकडं बोलली नाही. कधी सरळही बोलली नाही, बोललीच नाही. घरात रॉकेलचा एकच दिवा, टेबलावर लोंबायचा. एका बाजूला मालकीण मोजे विणायची, दुसऱ्या बाजूला आजी फाटकं शिवायची, मधला उजेड दोघींचा. असा हिवाळा गेला. मग एका संध्याकाळी जेवण झाल्यावर मालकिणीनं दिवा आकड्यावरून काढला, पलीकडच्या भिंतीवरच्या खिळ्याला लावला, आणि त्याच्यामागची पत्र्याची ताटली फिरवली. ती ताटली असते ना, उजेड एका अंगाला फेकायला, तिची पाठ ह्यांच्या कोपऱ्याकडं केली. कोपऱ्यात अंधार. आजीनं काही विचारलं नाही. सुई पदराला टोचून ठेवावी तशी झग्याच्या कडेला टोचली, उठली, बोचकं बांधलं. सकाळी निघाल्या. "मालकीण वाईट नव्हती हं," आई दर वेळी शेवटी म्हणायची. "तिला बोलता येत नव्हतं, एवढंच." आणि वर एक शहाणपण: दिवा हलायच्या आधी उठावं. ते शहाणपण ऐलाच्या लहानपणावर वरवंट्यासारखं फिरलं होतं. कुणाकडं गेलं की आई पहिली उठायची. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक कापायच्या आत तिनं ऐलाला दंडाला धरून बाहेर आणलं होतं, कारण त्या मैत्रिणीच्या आईनं खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून ओढला होता बाईनं, दुसरं काय. ऐला बर्फातून रडत घरी आली होती. दिव्याची ती गोष्ट तिनं इतक्यांदा ऐकली होती, की आता ती तिला ऐकू येत नव्हती.

बुधवारी ऐलानं हुत्तुनेनला परत बोलावलं. "पुन्हा काय झालं ओ? जळाली?" तो बूट काढता काढता म्हणाला. सगळ्या मोज्यांना भोकं असलेला, गमत्या माणूस. "जळाली नाही. जास्त दिसतंय." मग तिनं त्याला ओट्यापुढं उभं केलं, छताचा मोठा दिवा बंद केला, आणि वर बघायला सांगितलं. तो पल्ल्यात पाहून म्हणाला, "देखणा माणूस आहे." "हा माणूस मला नकोय." "बायकोपण हेच म्हणते." पण काम त्यानं समजून घेतलं. ऐलानं रात्रपाळ्यांमध्ये डोक्यातल्या डोक्यात सगळं परत मांडलं होतं. पट्टी पुढच्या कडेवरून काढायची आणि पार मागं न्यायची, भिंतीला चिकटून. ती अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवायची, पन्हळीवर दुधी झाकण. आणि पन्हळ भिंतीकडं तोंड करून तिरकी लावायची, म्हणजे तिची पाठ खोलीकडं येईल. उजेड आधी भिंतीवरच्या फरशांवर पडेल, तिथून विझत विझत ओट्यावर. समोर उभ्या माणसाच्या तोंडावर काही पडायचं नाही. तोंडावर उजेड नाही म्हणजे पल्ल्यात तोंड नाही. बसचा पहिला दिवा विझवला. "लोक दिवा दिसावा म्हणून पैसे मोजतात," हुत्तुनेन स्क्रू तोंडात धरून बडबडला, "तुम्ही दिसू नये म्हणून बोलावता. चला, हेही बघितलं." आई तेव्हा आत पलंगावर झोपली होती. तो गेल्यावर ऐलानं मोठा दिवा विझवून पाहिला. फरशांवर मऊ, पिवळसर पट्टा, भाकरीला आतून ऊब असावी तसा. ओट्यावर सुरीची धार आणि बोट वेगळं दिसत होतं. वर पल्ल्यात काही नाही, नुसतं तळं, वारा पडलेलं. ऐला किती वेळ त्याच्याकडं बघत होती. आई इथं जेवेल आता. कोट काढेल. ऐलानं हे सगळं आईच्या पोटासाठी केलं होतं, आणि थोडं, अगदी थोडं, त्या बोलीसाठी. ती बाई गेली की आई कुणाशी बोलेल? दुसरं आहे कोण?

गुरुवारी तिनं सुट्टी टाकली. बटाटे, मासा, बडीशेपेची ताजी पानं आणली. चार वाजले, बाहेर काळोख झाला, तेव्हा तिनं पट्टी लावली आणि आईला हाक मारली. आई आली. उंबऱ्याशी थांबली, नेहमीसारखी. पल्ल्याकडं पाहिलं. मग आत आली, ह्या घरात पहिल्यांदाच पाहुणीला न विचारता आत आली, आणि ओट्याशी जाऊन तळहात पल्ल्यावर ठेवला. काढला. थंडगार हिरव्यावर हाताचं धुकं उमटलं आणि विरून गेलं.

"गेल्या का?"

"गेल्या," ऐला म्हणाली. आवाजात नको तेवढा आनंद होता.

"कुठं?"

हा प्रश्न ऐलानं धरला नव्हता. "त्यांच्या घरी."

"घर कुठलं त्यांना," आई म्हणाली. "मला सांगितलंय ना सगळं त्यांनी. घर जाऊन किती वर्षं झाली." ती वाकली, ओट्याला धरून, गुडघे कुरकुरत, आणि कपाटाच्या पोटाखाली पाहिलं. भिंतीकडं तोंड केलेली पन्हळ. खोलीकडं आलेली तिची पत्र्याची पाठ. आई तशीच वाकून राहिली, इतका वेळ की ऐलाला वाटलं चक्कर आली. मग ती सरळ झाली, स्वेटरच्या गुंड्या वरून खाली चाचपल्या, सगळ्या लागल्यात ना हे बघितलं, आणि म्हणाली, "बरोबर आहे." कुणी हिशोब समजावून सांगितल्यावर म्हणावं तसं.

ऐलाच्या कानात तेव्हा ती हजारदा ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकू आली. खिळा, ताटली, कोपरा, सगळं एकदम. तिच्या हातातली माशाची बशी ओट्यावर टेकली ती वाजली. "आई, तसं नाही गं. दिवा तुझ्यासाठी हलवला. तुला नीट दिसावं म्हणून."

"हो ना."

"अगं तू जेवत नव्हतीस. त्या बाईच्या पायी तू बोळात बसत होतीस."

"म्हणून त्यांना घालवलंस."

"आई, कोणी बाई नव्हती. ती तू होतीस. काचेत दिसतं ना, तसं. तूच."

आई तिच्याकडं बघत राहिली. डोळ्यांतल्या पडद्यामागं काहीतरी हललं, हसू असावं. "मी? मी एवढी म्हातारी कुठंय?" ती म्हणाली. आणि मग, अगदी मायेनं, "आणि मी होते, तर मग मलाच घालवलंस की, पोरी."

आई वळली, बोळात गेली. कपाट उघडल्याचा आवाज, बॅगेची चेन. सगळं आधीच भरून ठेवलं असावं, कारण वेळ लागला नाही. परत दिसली तेव्हा अंगात कोट होता, डोक्याला लोकरी टोपी, गळ्याशी फडकं नीट बांधलेलं. स्टुलावर बसली, बॅग पायांशी. "सकाळीच निघू या," ती म्हणाली. "त्या तुझ्या संस्थेत. राउनो म्हणत होता, खोली चांगली आहे. तू काही बोलायची गरज नाही."

ऐला तिच्याशेजारी बुटांच्या फळीवर टेकली. "तुला तिकडं जायचं नाहीये. आई, मला तू इथं हवी आहेस." हे वाक्य ऐलानं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. नवरा निघाला तेव्हासुद्धा नाही. ते तिच्या तोंडातून किल्ल्यांचा जुडगा पडावा तसं पडलं, आणि पडल्यावर तिला कळलं की उशीर झालाय. उजेड एक सांगत असताना तोंड दुसरं सांगतं तेव्हा आईच्या माणसांनी नेहमी उजेडाचं ऐकलं होतं. आईनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "तू वाईट नाहीस," ती म्हणाली. "तुला बोलता येत नाही, एवढंच."

ऐला उठली. स्वयंपाकघरात गेली आणि कपाटाखाली हात घालून ती पन्हळ ओढली. चिमटे तुटले, एक स्क्रू फरशांवरून टणटणत मोरीत गेला. पन्हळ हातात आली, वायरीला लोंबकळत, अजून जळत. तिनं ती पुढच्या कडेला धरली, आधी होती तिथं, तोंड खोलीकडं करून, दोन्ही हात वर. उजेड खालून तिच्या तोंडावर आला. पल्ल्यात बाई परत आली. खोबणीतले डोळे, लोंबलेली हनुवटी, कपाळावर चिकटलेले करडे केस. ऐलानं तिला ओळखलं नाही. मग ओळखलं. एकसष्ट वर्षांच्या तोंडाला खालून उजेड दाखवला की ते कुणाचंही होतं.

मागं चपलांचा घसटता आवाज आला. आई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, कोट, टोपी, हात पोटाशी. तिनं ऐलाकडं पाहिलं नाही, पल्ल्याकडं पाहिलं. तिचा चेहरा उजळला, वार्काउसच्या स्टेशनवर ऐला गाडीतून उतरायची तेव्हा उजळायचा तसा.

"आलात होय," ती म्हणाली. "बरं झालं बाई. मी निघालेच आहे, जागा मोकळी झालीये. दोघींची अडचणच होत होती."

"आई," ऐला म्हणाली. पन्हळ तापली होती, बोटं भाजत होती.

आई ऐकत नव्हती. ती आता तिच्या बोलीत बोलत होती, शब्द लांबवून, गोड करून, एका निर्वासित बाईनं दुसरीला घराची माहिती द्यावी तशी. आणि ह्या वेळी ऐलाला एकूण एक शब्द कळत होता. बटाटे खालच्या खणात आहेत. ह्या शेगडीचं डावीकडचं बटण उलटं फिरतं. मासा आणलाय, तो आजच संपवा. "आणि ही माझी मुलगी," आई म्हणाली, आणि हनुवटीनं पल्ल्यापुढच्या पाठीकडं दाखवलं. "हिला यायला फार उशीर होतो. जेवायचं थांबू नका. दिवा तेवढा हिच्यासाठी ठेवत जा."

ऐलाचे दंड भरून आले होते. तिनं पन्हळ खाली घेतली नाही.